मागं खेळणाऱ्या पोराच्या वडिलांसाठी: फुटबॉलमधल्या बचावपटूचं करिअर असतं तरी कसं

सप्टेंबरातली गोष्ट. सकाळचा सराव संपला होता, पोरं ओल्या गवतावर बसून बूट काढत होती. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागाईतदार माझ्याजवळ आले. मुलगा चौदा वर्षांचा. आठवड्यातून तीन दिवस ते त्याला मोटारसायकलवर नाशिकला आणतात आणि सराव संपेपर्यंत कुंपणाशी उभे असतात. थोडं घुटमळून म्हणाले, "सर, एक विचारू का? पोराला मागं का ठेवलंय? त्याला पुढं खेळता येत नाही का?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडं गल्लीत खेळताना ज्याला पळता येत नाही त्याला मागं उभं करतात, आणि ज्याला तेही जमत नाही त्याला गोली. त्यामुळं "मागं" म्हणजे उरलेली जागा, असं आई-वडिलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. मी स्वतः कॉलेजात स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, म्हणून खेळलो, आता सकाळच्या सरावाला मदत करतो. हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. त्या दिवशी त्या बागाईतदार भाऊंना घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं. सविस्तर उत्तर इथं लिहितोय.

आधी काम समजून घेऊ. पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. एवढ्या मोठ्या मैदानात धोक्याची जागा तशी लहानच, म्हणजे गोलच्या समोरचा मधला पट्टा. बहुतेक संघ मागं चार जण ठेवतात. मधले दोन स्टॉपर आणि कडेचे दोन साइड बॅक. या चौघांनी समोरच्या प्रत्येकाचा चेंडू काढून घ्यावा, अशी अपेक्षाच नसते. त्याला मधल्या पट्ट्यात येऊ न देणं, हे त्यांचं खरं काम.

त्याच सकाळी त्या मुलानं एक गोष्ट केली होती, ती सांगतो. समोरच्या संघाचा वेगवान विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा गडी, चेंडू घेऊन त्याच्यावर चालून आला. हा धावत जाऊन भिडला नाही. दोन हात अंतर ठेवलं, गुडघे वाकवले, अंग तिरकं केलं आणि मागं मागं सरकत राहिला. विंगरनं पाय फिरवून दोनदा हूल दिली. याची नजर पायांवर नव्हती, चेंडूवर होती. आतली बाजू बंद, बाहेरची मोकळी. विंगर साहजिकच बाहेर गेला, अजून बाहेर गेला, आणि कोपऱ्याजवळ पोचला तेव्हा त्याला गोल दिसत होता तो चिंचोळ्या फटीएवढा. त्यानं मारलेला चेंडू बाजूच्या जाळीवर आदळला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मात्र मनात म्हटलं, या पोराला कळतंय.

बचावातली पहिली शिकवण हीच. घाईनं पाय घालायचा नाही. पाय घातला आणि चेंडू हुकला, तर तुम्ही जमिनीवर आणि समोरचा तुमच्या पाठीमागं. तीन-चार सेकंद त्याला अडवून धरलं तरी तेवढ्यात आपले दोन गडी मागं येऊन पोचतात. म्हणून एक जण पुढं जातो तेव्हा दुसरा त्याच्या तिरकं मागं उभा राहून "कव्हर!" असं ओरडतो. पहिला चुकला तर दुसरा आहे, हा भरवसा असला की पहिल्याची चूकही कमी होते.

आता ऑफसाइड. हा नियम कळला की स्टॉपरचं निम्मं डोकं कळलं. समोरच्या अर्ध्यात एखादा खेळाडू चेंडूच्या पुढं आणि बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पुढं उभा असेल, आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्याकडं पास मारला गेला, तर तो ऑफसाइड. शेवटचा गडी बहुतेक वेळा गोलीच असतो, त्यामुळं शेवटून दुसरा म्हणजे सहसा एखादा बचावपटू. म्हणजेच मागचे चौघं जिथं उभे राहतील तिथं एक अदृश्य रेघ तयार होते. ही रेघ ते एकत्र पुढं नेतात, एकत्र मागं आणतात. चौघांपैकी एक जण जरी पाऊलभर मागं रेंगाळला, तरी तो समोरच्या सगळ्यांना नियमात बसवतो आणि बाकी तिघांची मेहनत पाण्यात जाते.

हा नियम पूर्वी अधिक कडक होता. १९२५ पर्यंत हल्ला करणाऱ्याच्या पुढं तीन प्रतिस्पर्धी असावे लागत, त्या वर्षी ते दोनवर आले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत पुढच्या एकाच हंगामात गोल ११९२ वरून १७०३ वर गेले. ही गळती थांबवायला संघांनी मधल्या फळीतला एक गडी दोन बॅकच्या मध्ये खाली ओढला. त्याचं एकच काम, समोरच्या सेंटर फॉरवर्डला थांबवणं. तोच "स्टॉपर". टीव्हीवरच्या समालोचनात हा शब्द आता फारसा येत नाही, पण आपल्या मैदानांवर तो अजून रोज ऐकू येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका नियमबदलाची खूण आपल्या पोरांच्या तोंडात आहे, याचं मला अप्रूप वाटतं.

रेघ सांभाळायची म्हणजे बोलावं लागतं. सगळं मैदान स्टॉपरच्या डोळ्यांसमोर असतं, मधल्या फळीच्या पाठीमागं काय चाललंय ते त्यालाच दिसतं. "मॅन मागं!", "वेळ आहे!", "लाइन वर!" हे त्यानं सतत सांगत राहायचं. भाऊंचा मुलगा घरात चार शब्द बोलत नाही म्हणे. त्याच्यासाठी या खेळातला सगळ्यात अवघड धडा हाच आहे, पळणं किंवा उडी मारणं नव्हे.

दुसरा मोठा बदल १९९२ चा. तोपर्यंत बचावपटू अडचणीत आला की चेंडू मागं गोलीकडं ढकलायचा आणि गोली तो हातांनी उचलायचा. त्या वर्षापासून आपल्या गड्यानं मुद्दाम पायानं दिलेला पास हातात घ्यायला गोलीला बंदी झाली. २०१९ पासून गोलकिकचा, म्हणजे गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करतानाचा, चेंडू गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रातच आपल्या गड्याला घेता येऊ लागला. परिणाम असा की आज संघाचा हल्ला स्टॉपरच्या पायापासून सुरू होतो. नुसता "लाँग मार, बाहेर काढ" करणारा गडी आता वरच्या पातळीवर टिकत नाही. दोन्ही पायांनी नेमका पास देता येतो का, हे निवड करणारे आधी पाहतात. म्हणून पोराला लहानपणी दोन-तीन जागांवर खेळू द्यावं. मधल्या फळीत काढलेली दोन वर्षं स्टॉपरला जन्मभर पुरतात.

करिअरचा विचार करताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वय. फॉरवर्ड अठराव्या वर्षी चमकू शकतो. नऊ संधी वाया घालवून दहाव्या वेळी गोल केला तरी लोक त्याला डोक्यावर घेतात. स्टॉपरचं गणित उलटं आहे. एकोणनव्वद मिनिटं चोख खेळून एकदा चुकला की सामना गेला. त्यामुळं कोवळ्या बचावपटूला मोठ्या सामन्यात उतरवायला प्रशिक्षक कचरतात. त्याला राखीव संघात ठेवतात किंवा दुसऱ्या क्लबकडं लोनवर, म्हणजे हंगामापुरता उसना, पाठवतात. ही वर्षं आई-वडिलांना वाया गेल्यासारखी वाटतात.

भाऊंना मी हे त्यांच्या भाषेत सांगितलं. एप्रिलात आपण खरड छाटणी करतो तेव्हा वेलीला काय राहतं? नुसते ओलांडे, म्हणजे जाड आडव्या फांद्या. घड नाही, पैसा नाही, उलट खर्चच. पण काडी तेव्हाच तयार होते आणि कुठल्या डोळ्यात घड आहे ते उन्हाळ्यातच ठरतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी ते नुसतं बाहेर काढते. बचावपटूची सोळा ते बावीस ही वर्षं म्हणजे खरड छाटणीचे महिने. ते हसले नाहीत, मान हलवली आणि म्हणाले, "मग खत-पाणी तेव्हाच लागतं."

उशिरा पिकण्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. इटलीचा फाबियो कान्नावारो २००६ मध्ये विश्वचषक जिंकणारा कर्णधार होता आणि त्याच वर्षी त्याला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला, तेव्हा त्याचं वय ३३. उंची साधारण पाच फूट नऊ इंच, हेही लक्षात ठेवा, कारण "स्टॉपर सहा फुटीच लागतो" असं सांगून आपल्याकडं पोरांना परत पाठवतात. पाओलो मालदिनी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी एसी मिलानकडून पहिला सामना खेळला आणि २००९ मध्ये त्याच क्लबकडून ९०२ सामने खेळून थांबला. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत उतरला तेव्हा ४१ वर्षांचा होता. पाय मंदावतात, पण चेंडू कुठं पडणार हे आधी कळत असेल तर धावावंच कमी लागतं.

नेदरलँड्सचा व्हर्जिल व्हॅन डाइक मला या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. कुमारवयात सराव सांभाळून तो एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा. पुढं ग्रोनिंगन, मग स्कॉटलंडमधला सेल्टिक, मग इंग्लंडमधला साउथॅम्प्टन, अशी एकेक पायरी चढत तो २०१८ च्या जानेवारीत साडेसात कोटी पाउंडांना लिव्हरपूलमध्ये गेला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलनं चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली आणि बॅलन डी'ओरच्या मतदानात तो दुसरा आला.

पण नाशिकच्या पोरासाठी रस्ता कुठून जातो? आपल्या शहरात आयएसएलचा, म्हणजे देशातल्या वरच्या इंडियन सुपर लीगचा, क्लब नाही. पोराला कधी तरी घर सोडावं लागणार, हे मनाशी आधीच धरून चाला. सुरुवात शाळेच्या संघापासून. जिल्हा, विभाग, राज्य असं करत सुब्रतो कपपर्यंत जाता येतं, ही शालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहे. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून मुलं घडवते. मुंबईचे क्लब तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालच्या संघांसाठी ट्रायल, म्हणजे निवड चाचणी, घेतात, आणि इथली मुलं पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी निघून त्या देऊन येतात. ट्रायलमध्ये बचावपटूवर अन्याय होतो, हे मी स्पष्ट सांगतो. वीस मिनिटांच्या खेळात गोल करणारा लगेच नजरेत भरतो. जागा धरून उभं राहणाऱ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. एका ट्रायलमध्ये नाव आलं नाही म्हणून पोराला फॉरवर्ड करू नका.

मराठी मुलांसमोर राहुल भेकेचं उदाहरण ठेवण्यासारखं आहे. मुंबईचा हा बचावपटू वयाच्या पंचविशीनंतर खरा उजेडात आला. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईतच झालेल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूकडून, जादा वेळ संपायला थोडी मिनिटं उरली असताना, त्यानं कॉर्नरवर हेडरनं सामन्यातला एकमेव गोल केला. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुंबई सिटीनं इराकच्या क्लबला २-१ असं हरवलं, तोही विजयी गोल त्याच्याच डोक्यातून आला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना.

पैशाचं बोलू. व्यावसायिक खेळाडू क्लबशी ठराविक मुदतीचा लेखी करार करतो. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार हा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, अठराच्या आतल्या मुलाचा तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. करार चालू असताना दुसऱ्या क्लबला खेळाडू हवा असेल तर तो पहिल्या क्लबला रक्कम देतो, ती ट्रान्सफर फी. ती खेळाडूच्या खिशात जात नाही, हे अनेकांना माहीत नसतं. करार संपला की खेळाडू मोकळा. युरोपात हा हक्क १९९५ मध्ये बोसमन या खेळाडूच्या खटल्यातल्या कोर्टाच्या निकालानं पक्का झाला. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर त्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांत शिकला त्यांच्यात वाटले जातात. यासाठी कोणत्या वर्षी पोरगा कुठं खेळला याची नोंद लागते, आणि भारतात ती फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत होते. लहान क्लबांनी ही नोंद आळसानं टाळू नये.

आणि एक सावधगिरी. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाची परदेशी क्लबात बदली फिफानं थोडे अपवाद सोडून बंदच ठेवली आहे. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला "युरोपच्या क्लबात घेतो, आधी एवढे लाख भरा" असं कुणी म्हणालं, तर पैसे काढू नका. शेत गहाण टाकण्याच्या बेतात आलेला एक बाप मी पाहिलाय. वेळेत कुणी तरी विचारलं, म्हणून ते वाचले.

आपल्याकडची लीगही अजून स्थिर नाही. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवून ठेवावा लागला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच रोखले. त्यामुळं दहावी-बारावी आणि पुढचं शिक्षण सुटता कामा नये. खेळाच्या जोरावर रेल्वे, पोलीस, बँक किंवा लष्करात नोकरी मिळवून तिथल्या संघात खेळणं, हाही भारतात सन्मानाचा आणि जुना मार्ग आहे. नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र आहे, देवळालीला तोफखान्याची शाळा, गणवेश आपल्या पोरांना परका नाही. सेनादलांच्या संघानं २०२४ मध्ये संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, म्हणजे खेळाची पातळीही कमी नाही.

मुलींबद्दल एवढंच, की वर लिहिलेलं खेळातलं सगळं त्यांनाही तसंच लागू आहे. भारताच्या महिला संघाची अनेक वर्षं कर्णधार राहिलेली मणिपूरची आशालता देवी बचावपटूच आहे.

दुखापत. स्टॉपर अचानक वळतो, हवेत धक्का खाऊन एका पायावर उतरतो, म्हणून त्याचा गुडघा धोक्यात असतो. गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटला की शस्त्रक्रिया आणि नंतर बरेच महिने विश्रांती-व्यायाम. चंडीगडचा संदेश झिंगन, आपल्या राष्ट्रीय संघाचा आधारस्तंभ, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गुडघा दुखावून पूर्ण हंगाम बाहेर राहिला. परत आला आणि २०२०-२१ साठी महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नंतर क्रोएशियातल्या क्लबशी करार केला, तिथं पुन्हा दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता परतावं लागलं. चांगल्या करिअरमध्येही असे तुकडे असतात, ते पोराला आधीच सांगून ठेवावेत.

झालेल्या चुकीचं मनावरचं ओझं हा वेगळाच भाग. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून १९९४ च्या विश्वचषकात चेंडू आपल्याच गोलमध्ये गेला आणि संघ बाहेर पडल्यावर मायदेशी त्याचा गोळ्या घालून खून झाला. इतकं टोक दुसरीकडं दिसत नाही, पण स्वयंगोल झालेल्या पोराला मैदानाबाहेर आल्यावर कसं वागवायचं, हे मोठ्यांनी त्यातून शिकायलाच हवं. त्या दिवशी मोटारसायकलवर घरी जाताना सामन्याचा विषय काढू नका. तो स्वतः काढेल.

याच जागेवर खेळलेली मोठी माणसं आपल्याकडंही होऊन गेली. शैलेन मन्ना १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खेळले आणि १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्टॉपर जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना बसवलं नाही, पुढं फॉरवर्ड म्हणून उतरवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध जर्नेल यांनी गोल केला आणि भारत २-१ जिंकला.

डोक्याचा विषय निघालाच आहे तर शेवटची आणि मला सगळ्यात काळजीची वाटणारी गोष्ट. स्कॉटलंडच्या सात हजारांहून अधिक माजी व्यावसायिक खेळाडूंचा ग्लासगोच्या संशोधकांनी अभ्यास केला. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं की मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण या खेळाडूंत सर्वसामान्यांच्या साडेतीन पट होतं. २०२१ मध्ये जागेनुसार पाहिलं तेव्हा गोलींचा धोका इतर लोकांइतकाच निघाला आणि बचावपटूंचा सगळ्यात जास्त, सुमारे पाच पट. वारंवार चेंडू डोक्यावर घेण्याशी याचा संबंध असावा, असा दाट संशय आहे. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद आहे, इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग घेत नाहीत. आम्ही आमच्या सरावात लहान मुलांना हेडर मारायला लावत नाही. मोठ्यांना हलक्या चेंडूवर, मोजून, आणि आधी मान बळकट करण्याचे व्यायाम करून शिकवतो. तुमच्या मुलाच्या प्रशिक्षकाला हे विचारा. विचारणं तुमचा हक्क आहे.

खेळ साधारण तेहतीस-पस्तिशीला थांबतो. पण सगळं मैदान समोर ठेवून बोलायची सवय असल्यामुळं बचावपटू प्रशिक्षक म्हणून चांगले रुजतात. गोव्याचा महेश गवळी भारताकडून बचावफळीत खेळला आणि नंतर राष्ट्रीय युवा संघांचा प्रशिक्षक झाला. महासंघाचा डी लायसन्स हा त्या वाटेवरचा एक सुरुवातीचा कोर्स असतो.

पुढच्या रविवारी भाऊ आले तेव्हा छाटणीची मजूर टोळी ठरली होती. महिनाभर आठवड्यातून एकदाच आणता येईल म्हणाले. मी पोराला घरी करायचे मानेचे आणि गुडघ्याचे व्यायाम कागदावर लिहून दिले. त्यांनी कागद खिशात ठेवला, मैदानाकडं पाहिलं. पोरगा मागून ओरडत होता, "लाइन वर! लाइन वर!" आवाज अजून पातळ होता, पण कुंपणापर्यंत येत होता.

"हा घरी कधी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही," ते म्हणाले, आणि सराव संपेपर्यंत तिथंच उभे राहिले.